विद्यार्थी आणि युद्धविरोध: तुम्ही पुन्हा पुन्हा पाठवलेले प्रश्न

मुंबईतल्या एका कॉलेजात मी बरीच वर्षं इतिहास शिकवला. निवृत्त झालो, तरी दिवाळीची सुट्टी संपली की फोन वाजायला लागतो. कुणाचा प्रोजेक्ट, कुणाची वक्तृत्व स्पर्धा, कुणाची मुलाखत. २०२४ मध्ये गाझातल्या युद्धाविरुद्ध अमेरिकेतल्या विद्यापीठांत तंबू ठोकले गेले, तेव्हापासून तर पालकांचेही मेसेज येतात. तेच ते प्रश्न असल्यामुळे एकदाच सगळी उत्तरं लिहून ठेवतो आहे. जे एकीकडे सांगितलं ते दुसरीकडे पुन्हा दळलेलं नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. युद्धविरोधी विद्यार्थी आंदोलन नेमकं कशाला म्हणायचं? शहीद जवानांसाठी आम्ही मेणबत्ती मोर्चा काढला होता, तो धरायचा का?

नाही. तो शोक होता, आणि त्यात वावगं काही नाही. आंदोलन म्हटलं की समोर कुणीतरी सत्ताधारी लागतो आणि त्याच्याकडे मागणी लागते. ती मागणी साधारण तीन तऱ्हांची असते. आपलं सरकार करत असलेलं युद्ध थांबवा, ही पहिली. दुसऱ्या कुणाच्या युद्धाला आपल्या सरकारने हातभार लावू नये, ही दुसरी. आणि आमच्या विद्यापीठाने युद्धाच्या धंद्यातून हात काढून घ्यावा, ही तिसरी. प्रोजेक्टमध्ये तिसरी नेहमी राहून जाते. खरं तर सगळ्यात चिवट भांडणं तिच्यावरूनच झाली, कारण कुलगुरूंचं दार व्हाइट हाउसपेक्षा पुष्कळ जवळ असतं.

२. हे सगळं व्हिएतनामपासून सुरू झालं ना?

व्हिएतनामच्या तीस वर्षं आधीपासून चालू होतं. ९ फेब्रुवारी १९३३ ला ऑक्सफर्डच्या विद्यार्थी वादसभेत ठराव आला, की हे सभागृह कोणत्याही परिस्थितीत राजा आणि देशासाठी लढणार नाही. २७५ विरुद्ध १५३ मतांनी तो मंजूर झाला आणि इंग्लंडभर गहजब उडाला. पहिल्या महायुद्धात ज्यांचे बाप आणि काका खंदकांत कुजले, त्यांची ही पोरं होती. पुढच्याच वर्षी, १३ एप्रिल १९३४ ला, अमेरिकेत सुमारे २५ हजार विद्यार्थ्यांनी युद्धाविरुद्ध तासभर वर्ग सोडले, आणि १९३५ मध्ये हा आकडा दीड लाखाच्या वर गेला.

आणि मग १९३९ उजाडलं. हिटलर समोर आला तेव्हा त्या पिढीतल्या बहुतेकांनी गणवेश चढवला. म्हणून कुणी त्यांना ढोंगी ठरवतं. मला तसं वाटत नाही. एका युद्धाबद्दलचं मत दुसऱ्या युद्धाला जसंच्या तसं लागू होत नाही, एवढाच त्याचा अर्थ. प्रश्न १२ मध्ये आपल्याकडचं असंच एक घूमजाव आहे.

३. मग व्हिएतनामचंच एवढं नाव का झालं?

एका शब्दात सांगायचं तर सक्तीमुळे. अमेरिकेत तेव्हा सक्तीची लष्कर भरती होती. कॉलेजात नाव असेल तोवर भरती पुढे ढकलता येई, पदवी हातात पडली की बोलावणं. म्हणजे पोरगा वर्गात बसलेला असायचा तो दोन गोष्टी मनात ठेवून: आज आपण वाचलोय, आणि आपल्याऐवजी कुणीतरी गरिबाचा, बरेचदा काळ्या वस्तीतला मुलगा गेलाय. भीती आणि अपराधीपणा एकाच बाकावर. १ डिसेंबर १९६९ ला तर जन्मतारखांच्या चिठ्ठ्या काढून भरतीचा क्रम ठरवला, आणि घरोघर लोक तो टीव्हीवर बघत होते.

१९६८ मध्ये पाच लाखांवर अमेरिकन सैनिक तिथे होते. युद्ध संपेपर्यंत ५८ हजारांहून अधिक मेले. व्हिएतनामी माणसं किती मेली तो आकडा लाखांत जातो, आणि तो सांगायला वर्गात सहसा वेळ उरत नाही.

भारतात सक्तीची भरती कधीच नव्हती. दुसऱ्या महायुद्धात लढलेले २५ लाख हिंदी सैनिकसुद्धा कागदोपत्री स्वेच्छेने गेलेले. आपल्याकडचा युद्धविरोध वेगळ्या वळणाने का गेला, त्याची किल्ली इथे आहे.

४. ‘टीच-इन’ म्हणजे काय? सरांनी लिहायला सांगितलंय, पण कुठे नीट सापडत नाही.

मार्च १९६५ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या काही प्राध्यापकांनी व्हिएतनाममधल्या बाँबफेकीविरुद्ध एक दिवस शिकवणं बंद ठेवायचं ठरवलं. वरून दटावणी आली. तेव्हा त्यांनी बेत उलटा केला: बंद कशाला, रात्रभर शिकवू! २४ मार्चच्या रात्री सुमारे तीन हजार लोक सकाळपर्यंत व्याख्यानं, वाद, चर्चा करत बसले. मध्ये बाँब ठेवल्याची अफवा उठली, तेव्हा सगळे थंडीत बाहेर उभे राहून बोलत राहिले. काही महिन्यांत अशा रात्री देशभर होऊ लागल्या. कीर्तनाला जागणाऱ्या मुलखात हे समजायला कठीण जाऊ नये.

आता गंमत बघा. चार वर्षांनी एका अमेरिकन सिनेटरला वाटलं, हीच पद्धत पर्यावरणासाठी वापरली तर? त्यातून २२ एप्रिल १९७० चा पहिला वसुंधरा दिन झाला. तुमच्या शाळेत वसुंधरा दिनाला चित्रकला स्पर्धा होते ना, तिचं मूळ युद्धविरोधी जागरणात आहे.

५. केंट स्टेटमध्ये काय घडलं? चार जणांसाठी एवढा गाजावाजा का?

३० एप्रिल १९७० ला राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी टीव्हीवर सांगितलं की अमेरिकन फौजा कंबोडियात शिरल्या आहेत. युद्ध आवरतं घेऊ म्हणून निवडून आलेला माणूस ते शेजारच्या देशात नेतो आहे, म्हणून विद्यापीठं भडकली. ओहायोतल्या केंट स्टेट विद्यापीठात शनिवारी रात्री लष्करी प्रशिक्षणाची इमारत जाळली गेली. राज्यपालांनी नॅशनल गार्डचे सैनिक धाडले. सोमवारी, ४ मे ला, दुपारी सभा होती. पांगवापांगव, अश्रुधूर, दगड, आणि मग अचानक गोळीबार. १३ सेकंद, ६७ गोळ्या, चार विद्यार्थी मृत, नऊ जखमी.

मेलेल्या चौघांपैकी कुणीही सैनिकांच्या अंगावर धावून गेलेलं नव्हतं. सगळ्यात जवळचा मुलगा ८० मीटरवर होता, सगळ्यात लांबची मुलगी जवळपास १२० मीटरवर. आझाद मैदानावर क्रिकेटच्या सहा खेळपट्ट्या टोकाला टोक लावून ठेवा, तेवढं ते अंतर. चौघांतले दोघे तर आंदोलनातही नव्हते, एका तासाहून दुसऱ्या तासाला चालले होते, आणि त्यातला एक स्वतःच लष्करी प्रशिक्षणाचा विद्यार्थी होता.

गाजावाजा झाला तो पुढच्या दहा दिवसांत. शेकडो विद्यापीठं बंद पडली, संपात सुमारे ४० लाख विद्यार्थी होते असा अंदाज आहे. सरकारनेच नेमलेल्या आयोगाने हा गोळीबार अनावश्यक, असमर्थनीय आणि अक्षम्य ठरवला. शिक्षा मात्र एकाही सैनिकाला झाली नाही. १९७९ मध्ये जखमींना आणि मृतांच्या घरच्यांना मिळून पावणेसात लाख डॉलर आणि खेदाचं एक निवेदन मिळालं.

आणखी एक गोष्ट, जी मुलांना सांगितली की वर्ग गप्प होतो. गोळीबारानंतरच्या गॅलप चाचणीत ५८ टक्के अमेरिकनांनी दोष विद्यार्थ्यांना दिला होता. सैनिकांना दोष देणारे ११ टक्के.

६. जॅक्सन स्टेटबद्दल पुस्तकात एकच ओळ का असते?

केंट स्टेटनंतर अकराच दिवसांनी, १५ मे १९७० ला, मिसिसिपीतल्या या कॉलेजात पोलिसांनी मुलींच्या वसतिगृहावर गोळ्या झाडल्या. दोघे मेले, त्यातला एक अजून शाळकरी होता, कामावरून घरी चालला होता. कॉलेज काळ्या विद्यार्थ्यांचं होतं. एकच ओळ का असते, त्याचं उत्तर त्यातच आलं. तिथला उद्रेक निव्वळ युद्धाविरुद्ध नव्हता, वर्णद्वेषाचा राग त्यात मोठा होता, हेही प्रोजेक्टमध्ये लिहा.

७. शेवटी विद्यार्थ्यांनी व्हिएतनाम युद्ध थांबवलं का? हो की नाही ते सांगा.

हो-नाहीवर मार्क देणाऱ्या परीक्षकाला माझा नमस्कार.

एकट्या विद्यार्थ्यांनी नाही थांबवलं. युद्ध मुख्यतः व्हिएतनामी लोकांच्या चिवटपणामुळे अमेरिकेला झेपेनासं झालं. सैन्यातली बेदिली वाढली, खर्च हाताबाहेर गेला. केंट स्टेटनंतरही अमेरिकेला युद्धातून बाहेर काढणारा पॅरिस करार व्हायला २७ जानेवारी १९७३ उजाडावं लागलं.

पण ‘काही उपयोग झाला नाही’ असंही लिहू नका. १९६९ मध्ये निक्सन यांनी हनोईला, म्हणजे उत्तर व्हिएतनामच्या सरकारला, गुपचूप १ नोव्हेंबरची मुदत दिली होती, तोवर नमला नाहीत तर जबर हल्ला करू म्हणून. मुदत संपायच्या सतरा दिवस आधी, १५ ऑक्टोबरला, देशभर लाखो लोक काम आणि वर्ग सोडून रस्त्यावर आले. त्या दिवसाची मूळ बांधणी तरुण कार्यकर्त्यांनी कॉलेजांतून केली होती. मुदत आली आणि गेली, ठरलेला हल्ला झाला नाही. त्या निदर्शनांनी आपल्या धमकीतली हवा काढून घेतली, हे निक्सन यांनीच नंतर लिहिलं. रस्त्यावर मेणबत्ती धरून उभ्या असलेल्या पोरांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांच्यातले कितीतरी जण हताश होऊन घरी गेले असतील.

म्हणून मला हा विषय शिकवायला आवडायचा. आंदोलनाने जे मागितलं ते बहुतेक वेळा मिळालं नाही, आणि जे मिळालं त्यातलं पुष्कळसं कुणी मागायलाच निघालं नव्हतं.

८. टिकाऊ परिणाम पाच मुद्द्यांत द्या.

पाच मुद्द्यांत बसत नाहीत, आणि सगळे सारख्या वजनाचेही नाहीत. मतदानाचं वय हा सगळ्यात ठसठशीत. १८ व्या वर्षी मरायला पाठवता, मग मत का नाही, हा सवाल जुनाच होता. व्हिएतनामने त्याला धार आली आणि १ जुलै १९७१ ला अमेरिकेच्या घटनेतली २६ वी दुरुस्ती मंजूर झाली: २१ वरून १८. भारतात तोच बदल ६१ व्या घटनादुरुस्तीने झाला आणि मार्च १९८९ पासून लागू झाला, पण त्यामागे युद्धाचा संबंध नव्हता. दोन्ही एका दोरीत ओवू नका.

दुसरा परिणाम एका काळ्या फितीचा. डिसेंबर १९६५ मध्ये आयोवातल्या काही शाळकरी मुलांनी दंडाला काळी फीत बांधली. त्यातली मेरी बेथ टिंकर १३ वर्षांची होती. शाळेने निलंबित केलं, घरच्यांनी कोर्टात खेचलं, आणि २४ फेब्रुवारी १९६९ ला सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ असा निकाल दिला: शाळेच्या फाटकात शिरताना विद्यार्थी आपलं अभिव्यक्तिस्वातंत्र्य बाहेर ठेवून येत नाही. शिकवण्यात खरोखरीचा अडथळा येत असेल तरच रोखता येईल.

सक्तीची भरती १९७३ मध्ये बंद झाली. हा आंदोलनाचा विजय खरा, पण दुधारी. भरती गेली तशी आंदोलनाची हवाही गेली, आणि त्यानंतरची युद्धं पगारी सैन्याने लढली. कॉलेजातल्या पोराच्या घरी बोलावणं येईनासं झालं. इराकच्या वेळी १५ फेब्रुवारी २००३ ला जगभर लाखो लोक उतरले, तरी विद्यापीठं १९७० सारखी ठप्प का झाली नाहीत, ते इथे कळतं.

विद्यापीठांतल्या लष्करी संशोधनाचा प्रश्न राहिला. त्याचं उत्तर प्रश्न १६ मध्ये आलं आहे.

९. ही आंदोलनं पूर्ण अहिंसक होती असं लिहिलं तर चालेल?

चालणार नाही. २४ ऑगस्ट १९७० ला पहाटे विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या लष्करी गणित संशोधन केंद्राच्या इमारतीबाहेर स्फोटकांनी भरलेली गाडी उडवली गेली. मेला तो तिथे रात्री काम करत बसलेला भौतिकशास्त्राचा एक संशोधक, ज्याचा लष्कराशी काडीचा संबंध नव्हता. त्याच वर्षी मार्चमध्ये न्यूयॉर्कमधल्या एका घरात बाँब बनवताना जहाल गटाचे तिघे स्वतःच उडाले. बहुसंख्य विद्यार्थी यांच्यापासून दूर होते, पण या दोन घटनांनी आंदोलनाची जितकी पत घालवली तितकी पोलिसांनाही घालवता आली नव्हती.

१०. अमेरिका सोडून बाकी जगात काही झालं का?

भरपूर. जपानमधलं १९६० चं उदाहरण मला सगळ्यात बोलकं वाटतं. अमेरिकेशी सुरक्षा करार नको म्हणून विद्यार्थी संसदेवर गेले, १५ जूनच्या झटापटीत टोकियो विद्यापीठाची कांबा मिचिको ही विद्यार्थिनी मेली. अमेरिकन अध्यक्षांचा दौरा रद्द झाला, पंतप्रधान किशी यांना जावं लागलं. आणि करार? तो आजही लागू आहे. जर्मनीत १९६८ च्या फेब्रुवारीत पश्चिम बर्लिनमध्ये व्हिएतनाम परिषद भरली, लंडनमध्ये मार्चमध्ये अमेरिकन वकिलातीसमोर मोठी चकमक झाली. पॅरिसमधल्या मे १९६८ च्या प्रसिद्ध विद्यार्थी उठावाची पहिली ठिणगीही व्हिएतनामवरून झालेल्या अटकांनीच पडली होती.

भारतात कोलकाता पुढे होतं. ‘आमार नाम, तोमार नाम, व्हिएतनाम’ ही घोषणा तिथली. नोव्हेंबर १९६८ मध्ये रॉबर्ट मॅकनमारा जागतिक बँकेचे अध्यक्ष म्हणून तिथे आले. त्याच वर्षीपर्यंत ते अमेरिकेचे संरक्षणमंत्री होते. रस्ते निदर्शकांनी इतके अडवले की त्यांना विमानतळावरून हेलिकॉप्टरने न्यावं लागलं. ज्या रस्त्यावर अमेरिकन वकिलात, त्याचं नाव पुढे व्हिएतनामी नेत्यावरून हो चि मिन्ह सरणी झालं. बंगाली खट्याळपणाला तोड नाही.

११. मुंबईचं काय? आपल्याकडे ‘चले जाव’ झालं, ते युद्धविरोधी आंदोलनच होतं ना?

हा प्रश्न वाटतो तेवढा सरळ नाही. सावकाश वाचा.

३ सप्टेंबर १९३९ ला व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी भारत युद्धात असल्याचं जाहीर केलं, इथल्या कुणालाही न विचारता. महिन्याभरात, २ ऑक्टोबरला, मुंबईत सुमारे ९० हजार कामगारांनी युद्धाविरुद्ध एक दिवसाचा संप केला. गिरण्यांचे भोंगे त्या दिवशी वाजले असतील, पण आत जायला कुणी नव्हतं. हे आंदोलन विद्यार्थ्यांचं नाही, पण मुंबईच्या युद्धविरोधाचा पहिला मान गिरणगावाचा, म्हणून सांगितलं.

मग ऑक्टोबर १९४० मध्ये गांधीजींनी वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला आणि पहिला सत्याग्रही निवडला तो आपल्या कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातल्या गागोद्याचा: विनोबा. त्यातली घोषणा निखळ युद्धविरोधी होती. ब्रिटिशांच्या युद्धप्रयत्नाला माणसाने किंवा पैशाने मदत करणं चूक आहे, सर्व युद्धाला अहिंसेनेच विरोध करायचा.

आणि ८ ऑगस्ट १९४२ चा गवालिया टँकवरचा ठराव? त्यात स्वतंत्र भारत आपली सारी ताकद फॅसिझमविरुद्धच्या लढ्यात लावील असं आश्वासन आहे. म्हणजे हरकत युद्धाला नव्हती, गुलाम म्हणून त्यात ओढलं जाण्याला होती. तेव्हा ‘चले जाव’ला युद्धकाळातलं स्वातंत्र्य आंदोलन म्हणा. युद्धविरोधी म्हणायचं तर १९४० ला म्हणा.

विद्यार्थ्यांनी मात्र असा कीस काढला नाही, ते वर्ग सोडून बाहेर पडले. विल्सन कॉलेजातून पदवी घेऊन कायदा शिकणारी २२ वर्षांची उषा मेहता शिक्षण टाकून गुप्त काँग्रेस रेडिओ चालवू लागली. ४२.३४ मीटर तरंगलांबीवर आवाज यायचा, भारतातल्या कुठल्याशा ठिकाणाहून बोलतोय म्हणून. जागा बदलत बदलत ऑगस्टअखेरपासून १२ नोव्हेंबरला पकडले जाईपर्यंत तो चालला. पुढे त्या विल्सनमध्येच शिकवायला लागल्या.

१२. कम्युनिस्ट विद्यार्थ्यांनी आधी युद्धाला विरोध केला आणि मग पाठिंबा दिला, असं आजोबा म्हणतात. खरं आहे?

खरं आहे. विद्यार्थी फेडरेशन १९३६ मध्ये लखनौला स्थापन झालं, १९४० च्या डिसेंबरात नागपूरला फुटलं. कम्युनिस्ट गट तेव्हा ‘साम्राज्यवादी युद्धा’च्या कडक विरोधात होता. २२ जून १९४१ ला हिटलर रशियावर चालून गेला आणि काही महिन्यांत तेच युद्ध ‘लोकयुद्ध’ झालं. पक्षाच्या मराठी साप्ताहिकाचंही नाव तेच. त्यामुळे १९४२ च्या ऑगस्टात एकाच कॉलेजातली दोन मित्रमंडळं एकमेकांना फितूर म्हणत होती. तुमच्या आजोबांच्या आवाजात अजून राग असेल तर तो तिथला आहे. दोघांचीही बाजू ऐकून घ्या, मग लिहा.

१३. १९६२, १९६५, १९७१ मध्ये भारतीय विद्यार्थ्यांनी युद्धाला विरोध का केला नाही?

हा प्रश्न विचारायला लोक कचरतात, म्हणून मुद्दाम घेतला. पहिलं कारण प्रश्न ३ मध्ये आलं: सक्ती नव्हती. दुसरं, ही युद्धं सीमेवरची होती, सातासमुद्रापलीकडची नव्हती. १९६२ मध्ये घराघरांतून सोनं दिलं गेलं, आणि वेगळा सूर लावणारे अनेक कम्युनिस्ट नेते भारत संरक्षण नियमांखाली आत गेले.

एक सक्ती मात्र कॉलेजात आली. चीनच्या युद्धानंतर १९६३ मध्ये मुलांना एनसीसी सक्तीची झाली. १९६८ मध्ये ती ऐच्छिक करावी लागली, आणि २४ सप्टेंबर १९६९ ला पर्याय म्हणून एनएसएस सुरू झाली. आज दहा मार्कांसाठी बीच सफाईला जाणाऱ्या मुलामुलींना हे सांगितलं की त्यांना खरं वाटत नाही.

१४. दलित पँथर अमेरिकेच्या युद्धविरोधी चळवळीतून आली असं एका व्हिडिओत ऐकलं.

नाव अमेरिकेतल्या काळ्यांच्या ब्लॅक पँथर संघटनेवरून आलं, हे बरोबर. ब्लॅक पँथरच्या १९६६ च्या दहा कलमी कार्यक्रमात काळ्या पुरुषांना लष्करी सेवेतून सूट हवी अशी मागणी होती, हेही बरोबर. पण १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती गावोगावच्या जातीय अत्याचारांच्या संतापातून. तिला युद्धविरोधी चळवळीची शाखा ठरवणं म्हणजे तिचा स्वतःचा प्रश्न पुसणं.

१५. ते गोलातलं कोंबडीच्या पायासारखं चिन्ह हिप्पींचं आहे का?

हिप्पींच्या आधीचं. १९५८ मध्ये जेराल्ड होल्टम या ब्रिटिश चित्रकाराने अण्वस्त्रविरोधी मोर्चासाठी काढलं. नौदलात झेंड्यांनी अक्षरं दाखवतात, त्यातली ‘एन’ आणि ‘डी’ एकमेकांवर ठेवली आहेत, म्हणजे अण्वस्त्रबंदीची इंग्रजी आद्याक्षरं. कुलाबा कॉजवेवर ते टी-शर्टवर उलटं छापलेलं मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

१६. २०२४ चे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातले तंबू आणि १९६८ यांची तुलना करता येईल का?

येईल, कारण विद्यार्थ्यांनीच ती मुद्दाम जुळवून आणली. १९६८ च्या एप्रिलमध्ये कोलंबियाच्या विद्यार्थ्यांनी हॅमिल्टन हॉल आणि इतर इमारती ताब्यात घेतल्या. मुख्य मागण्या दोन: पेंटागॉनसाठी, म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठी, काम करणाऱ्या संशोधन संस्थेशी संबंध तोडा, आणि शेजारच्या काळ्या वस्तीच्या बागेत व्यायामशाळा बांधू नका. ३० एप्रिलला पोलिसांनी सुमारे सातशे जणांना पकडलं. पण व्यायामशाळा बारगळली आणि त्या संस्थेशी नातंही तुटलं. २०२४ मध्ये गाझावरून १७ एप्रिलला तंबू पडले, ३० एप्रिलला पुन्हा हॅमिल्टन हॉल, आणि त्याच रात्री पुन्हा पोलीस. अमेरिकाभर तीन हजारांवर अटका झाल्या.

फरक मागणीत आहे. १९६८ मध्ये लष्करी संशोधन आणि व्यायामशाळा, या वेळी विद्यापीठाच्या निधीची गुंतवणूक. ही तऱ्हा १९८० च्या दशकातल्या वर्णभेदविरोधी आंदोलनाने रुळवली, आणि तेव्हा कोलंबियाने दक्षिण आफ्रिकेतून पैसे काढलेही होते. या वेळी कोलंबियाने मागणी मानली नाही. उलट २०२५ च्या जुलैत केंद्र सरकारशी तडजोड करून २० कोटी डॉलरहून जास्त रक्कम भरायचं कबूल केलं. प्रश्न ७ मधला निक्सनचा किस्सा आठवा आणि निकाल लावायची घाई करू नका.

१७. मुलगी मास्टर्सला अमेरिकेला चालली आहे. मोर्चाबिर्चात जाऊ नकोस असं सांगू का?

ताई, मी इतिहासाचा माणूस, व्हिसाचा नव्हे. एवढं माहीत असू द्या: २०२५ मध्ये तिथल्या सरकारने अशा निदर्शनांच्या संदर्भात परदेशी विद्यार्थ्यांचे व्हिसा रद्द केले, आणि त्या जूनपासून विद्यार्थी व्हिसासाठी अर्ज करताना समाजमाध्यमांवरची खाती सर्वांना दिसतील अशी ठेवायला सांगितलं जातं. तिला हे सांगा. निर्णय तिचा तिला घेऊ द्या. सज्ञान आहे ती.

१८. आमच्या कॉलेजात काळी फीत बांधली तर काढून टाकतील का? टिंकरचा निकाल दाखवला तर चालेल?

अमेरिकेचा निकाल इथे बंधनकारक नाही. त्याच्या जवळ जाणारा आपला निकाल ऑगस्ट १९८६ चा, बिजो इमॅन्युएल. केरळमधली तीन भावंडं धर्मश्रद्धेमुळे राष्ट्रगीत गात नव्हती, पण त्या वेळी आदराने उभी राहत. शाळेने काढलं, सर्वोच्च न्यायालयाने परत घ्यायला लावलं. गप्प राहणं हाही अभिव्यक्तीचा भाग मानला गेला. पण तो खटला फितीचा नव्हता, तेव्हा त्याच्या भरवशावर प्राचार्यांशी वाद घालू नका. वकिलाला विचारा.

आमच्या काळी एका कॉलेजात इराकविरुद्धचं भित्तिपत्रक ‘परवानगीचा शिक्का नाही’ म्हणून उतरवलं गेलं होतं. मुलांनी दुसऱ्या दिवशी कोरा कागद लावला. त्यावर शिक्का मिळाला.

१९. मुंबईत निदर्शन करायचं तर फक्त आझाद मैदानच का? आणि परदेशातल्या युद्धावर बोलायला बंदी आहे का?

पूर्वी काळा घोडा, फ्लोरा फाउंटन, चर्चगेट, जिथे जमेल तिथे मोर्चे अडायचे. १९९७ मध्ये नरिमन पॉइंट-चर्चगेटचे रहिवासी उच्च न्यायालयात गेले, आणि त्यातून आंदोलनं आझाद मैदानाच्या ठरावीक भागात मर्यादित झाली. शिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली जमावबंदीचे आदेश वरचेवर निघत असतात. तेव्हा परवानगीचा अर्ज आधी.

बंदी नाही, पण एक बारकावा आहे. घटनेच्या १९(२) मध्ये भाषणस्वातंत्र्यावर ‘परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध’ या कारणाने बंधन घालता येतं. ही भर १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीची. सभेबद्दलच्या १९(३) मध्ये मात्र हे कारण नाही, तिथे सार्वभौमत्व, अखंडता आणि सार्वजनिक सुव्यवस्था एवढंच. प्रत्यक्षात काय होतं त्याचं ताजं उदाहरण: २०२५ च्या जुलैत गाझावरच्या निदर्शनाला परवानगी न मिळाल्याची याचिका उच्च न्यायालयाने फेटाळली, आधी आपल्या देशातले प्रश्न बघा असंही सुनावलं. ऑगस्टमध्ये परवानगी मिळाली आणि निदर्शन आझाद मैदानावरच झालं.

२०. मुंबईच्या कॉलेजांत दिल्ली-कोलकात्यासारखं वातावरण का नाही?

मुंबईकराला लोकल पकडायची असते, हे नेहमीचं उत्तर अर्धंच खरं आहे. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने महाराष्ट्रात थेट विद्यार्थी निवडणुका गेल्या आणि वर्गात पहिला येणारा प्रतिनिधी झाला. कारण कॉलेज निवडणुकांतली गुंडगिरी होतं, आणि ते खोटं नव्हतं. २०१६ च्या कायद्यात निवडणुकीची तरतूद परत आली, पण ती अमलात आणणं पुढे पुढे ढकललं गेलं. पिढ्याच्या पिढ्या वर्गप्रतिनिधी म्हणजे हजेरीपट आणणारा, एवढंच बघत वाढल्या.

तरी एक अपवाद. जानेवारी २००४ मध्ये गोरेगावच्या नेस्को मैदानावर जागतिक सामाजिक मंच हा जगभरच्या चळवळींचा मेळावा भरला, तेव्हा इराक युद्ध चालू होतं आणि तिथल्या गल्ल्यांत युद्धविरोधी मोर्चे दिवसभर एकमेकांना ओलांडत होते. तो मंच फारच मवाळ आहे म्हणून महामार्गापलीकडे दुसऱ्यांनी ‘मुंबई प्रतिकार’ नावाची वेगळी सभा भरवली होती. मधला हायवे ओलांडून दोन्हीकडचे वडापाव खाणारे विद्यार्थी मला भेटले.

२१. प्रोजेक्टसाठी मुंबईत प्रत्यक्ष काय बघता येईल?

ग्रँट रोड स्टेशनला पश्चिमेला उतरा. दहा-बारा मिनिटांवर ऑगस्ट क्रांती मैदान, म्हणजे जुना गवालिया टँक. तिथून गावदेवीत लॅबर्नम रोडवर मणिभवन. तिथून चालत चौपाटीवर विल्सन कॉलेज. अख्खा प्रश्न ११ दीड तासात पायाखालून जातो. जुनी वर्तमानपत्रं हवी असतील तर एशियाटिक किंवा दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय. सरकारी कागद हवे असतील तर एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्य पुराभिलेखागार. तिथे जाताना कॉलेजचं पत्र आणि पेन्सिल न्या, आणि नेमकी कुठली फाइल हवी ते आधी ठरवून जा.